पिठावरचे माग : लालबागच्या एका चाळीतील उंदरांच्या वाटांचा अभ्यास

लालबागमध्ये तळमजला अधिक तीन मजल्यांची एक जुनी उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) चाळ आहे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला पिठाची गिरणी, गिरणीला लागून जिन्याखालची अडगळीची जागा आणि मागे शेजारच्या चाळीशी सामाईक असलेली अरुंद घरगल्ली, अशी तिची रचना आहे. गिरणीत उंदरांचा वावर वर्षानुवर्षे होता. परंतु जिन्याच्या लाकडी तक्तपोशीतून ते वरच्या मजल्यांवरील खोल्यांच्या पोटमाळ्यांपर्यंत जाऊ लागले, तेव्हा चाळसमितीने एका उन्हाळ्यात हा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला. गिरणीच्या मागच्या भिंतीत, मोरीच्या कोपऱ्यात एक मोठे भोक होते. समितीने गवंडी बोलावून ते सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदीर गिरणीत येऊन गेलेले होते, आणि तेही दुसऱ्याच वाटेने, कोठेही न घुटमळता थेट गव्हाच्या पोत्यांपर्यंत. प्रस्तुत टिपण या एका सकाळीचा आणि तिच्यामुळे समितीला आपली पद्धत कशी बदलावी लागली याचा अभ्यास आहे. निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक या नात्याने समितीने मला निरीक्षणाच्या कामी बोलावले होते.

निरीक्षणाचे साधन गिरणीतच तयार होते. दिवसभराच्या दळणाने फरशीवर पिठाचा पातळ थर बसतो, आणि गिरणीचे मालक तो रात्री न झाडता पहाटे झाडतात. मी येईपर्यंत झाडू नये एवढीच विनंती त्यांना करावी लागली. पिठावर उंदराचे माग स्वच्छ उमटतात : पुढच्या पायाची चार बोटे, मागच्या पायाची पाच, आणि कधीकधी मधोमध शेपटीची बारीक रेघ. काही दिवसांत दोन प्रकार वेगळे ओळखता येऊ लागले. घुशीचे ठसे मोठे, आणि ते फरशी सोडून वर कधीच जात नसत. काळ्या घरउंदराचे ठसे लहान, आणि तो पाइप, तारा, खिडकीची चौकट यांवरून सहज चढे. या प्रकरणात महत्त्वाचा ठरला तो काळा उंदीर. त्यांपैकी एकाचा मागचा डावा पाय बहुधा जुन्या दुखापतीमुळे फरफटत असे, आणि त्यामुळे त्याचा माग इतरांच्या मागांतून वेगळा काढता येत असे. चिचुंद्रीचे बारीक ठसेही अधूनमधून दिसत. पण चिचुंद्री हा उंदीरच नव्हे, ती मुख्यतः कीटक खाते, आणि समितीतील काहींचा आग्रह असूनही तिला या हिशेबात धरले नाही.

घरगल्लीत पीठ नसल्यामुळे तेथे भिंतीच्या कडेने रांगोळी पसरली होती. उन्हाळा असल्याने गल्लीचा बराचसा भाग कोरडा होता. त्यावरून असे दिसले की भोकापर्यंत येणाऱ्या वाटा दोन होत्या. एक भिंतीला लागून सरळ, आणि दुसरी जुन्या, वापरात नसलेल्या पाण्याच्या टाकीमागून वळसा घेऊन. दोन्ही शेवटच्या हातभर अंतरात एकत्र येऊन त्याच भोकात शिरत. तिसरी वाट पावसाळी पाण्याच्या नळावरून वर चढून गिरणीच्या झरोक्यातून आत उतरणारी होती. तिच्यावर अंगाच्या तेलकट मळाचे जुने, पुसट डाग होते, म्हणजे ती कधीतरी वापरली गेली होती. मात्र भोक बुजवण्यापूर्वी झरोक्याखालच्या पिठावर मला एकदाही ताजा माग आढळला नव्हता.

भोक बुजवल्यानंतरच्या पहिल्या रात्रीची रांगोळी अशी वाचता आली. माग भिंतीलगतच्या सरळ वाटेने सिमेंटपर्यंत आले. तेथे ठशांची थोडी गर्दी झाली, सिमेंटवर नखांचे ओरखडे उमटले, आणि मग माग मागे फिरले. टाकीमागच्या वळशाच्या वाटेवरची रांगोळी अजिबात विस्कटलेली नव्हती. फिरलेले माग नळाच्या तळाशी जाऊन संपले, आणि गिरणीच्या आत ते झरोक्याखाली पुन्हा सुरू होऊन तिरके, सरळ रेषेत पोत्यांकडे गेलेले होते. फरफटत्या पायाचा उंदीर त्यांत होता. आदल्या रात्री तो मोरीच्या भोकातून आला होता. गिरणीचे मालक बराच वेळ त्या मागांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “सर, ह्यांना ही वाट आधीच ठाऊक होती. आपल्यालाच नव्हती.”

त्यांचे म्हणणे मान्य करण्यापूर्वी इतर शक्यता तपासणे आवश्यक होते. वरून येणारे उंदीर वेगळेच असू शकत होते, ज्यांची ती नेहमीची वाट असावी. परंतु आधी त्या बाजूला ताजे माग नव्हते, आणि लंगडा उंदीर दोन्ही रात्री हजर होता. एका प्राण्याच्या पुराव्यावर फार मोठी इमारत उभी करता येत नाही हे खरे, तरी तो पुरावा नाकारताही येत नाही. दुसरी शक्यता वासाची. उंदराचे नाक अत्यंत तीक्ष्ण असते, आणि पिठाचा वास झरोक्यातून बाहेर येतच असणार. मात्र वासाचा मागोवा घेत येणारा प्राणी थांबतो, वळतो, हवा हुंगतो, आणि अशा चालीचे माग वेडेवाकडे असतात. येथे झरोक्यापासून पोत्यांपर्यंतचा माग तिरका असला तरी सरळ होता. अनोळखी जागेत उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने जातो. मोकळी फरशी मधून ओलांडणे हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि ते तो करतो तेव्हा त्याला आपण कोठे चाललो आहोत हे माहीत असते असे मानण्यास जागा आहे.

उंदराला वाट कशी कळते, या प्रश्नाचा प्रयोगशाळेतील इतिहास शतकाहून जुना आहे. विलार्ड स्मॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्टच्या बागेतील भूलभुलैयाच्या नकाशावरून उंदरांसाठी पहिले चक्रव्यूह बांधले. त्यानंतर दीर्घकाळ असे मानले गेले की उंदीर फक्त वळणांची साखळी शिकतो : येथे उजवीकडे, मग डावीकडे, आणि शेवटी मिळालेले अन्न त्या साखळीची प्रत्येक कडी पक्की करते. या मतानुसार आमच्या उंदरांना झरोक्याची वाट ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण जवळची वाट उघडी असताना त्या लांबच्या वाटेने त्यांना वेगळे असे काही दिले नव्हते. या मताला १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड टोलमन आणि सी. एच. हॉन्झिक यांनी धक्का दिला. त्यांच्या चक्रव्यूहात उंदरांचे तीन गट सोडले जात. एका गटाला शेवटी रोज अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच मिळत नसे, आणि तिसऱ्याला पहिले दहा दिवस काहीच न देता अकराव्या दिवसापासून अन्न दिले गेले. बाराव्या दिवशी या तिसऱ्या गटाच्या चुका एकदम खाली आल्या आणि रोज खाऊन शिकलेल्या उंदरांच्या बरोबरीला पोचल्या. म्हणजे ते दहा दिवस निरुद्देश भासणाऱ्या भटकंतीत त्यांनी जागा शिकून घेतली होती. ते शिकणे वापरण्याचे कारण तेवढे त्यांना मिळाले नव्हते. याला सुप्त अध्ययन म्हणतात.

चाळीतील रहिवासी ज्याला उंदरांची ‘रात्रभर नुसती खुडबुड’ म्हणत, ती या दृष्टीने पाहिली तर वेगळी दिसते. पोटमाळ्यावर खाण्यासारखे काही नाही, तरी तेथे लेंड्या का सापडतात, हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला विचारला होता. उत्तराचा एक भाग आडोसा आणि घरट्याची सोय हा आहे. दुसरा भाग असा की उंदीर आपल्या परिसराची फेरी मारतो, आणि उपयोग नसलेल्या जागाही ध्यानात ठेवतो.

टोलमन आणि हॉन्झिक यांचा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग आमच्या रांगोळीशी अधिक जवळचा आहे. त्यात अन्नापर्यंत जाणाऱ्या तीन वाटा होत्या, सर्वांत छोटी, मध्यम आणि लांब. छोटी आणि मध्यम या वाटांचा शेवटचा तुकडा सामाईक होता. छोटी वाट सुरुवातीलाच अडवली तर उंदीर मध्यम वाटेने जात. पण अडथळा त्या सामाईक तुकड्यात ठेवला, तेव्हा बहुतेक उंदीर मागे फिरून मध्यम वाट वगळत आणि थेट लांबच्या वाटेला लागत. हा अडथळा मध्यम वाटेलाही बंद करतो हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले नव्हते. वाटांची परस्पररचना माहीत असल्याखेरीज ही निवड होत नाही. आमच्या घरगल्लीतील न विस्कटलेली रांगोळी याच जातीचा पुरावा आहे, मात्र तो एका रात्रीचा आहे आणि तेथे प्रयोगशाळेतील नियंत्रणे नव्हती. त्यामुळे त्याला टोलमनच्या निष्कर्षाची मुंबईतील सिद्धता म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

टोलमनने १९४८ मध्ये या साऱ्याला ‘बोधात्मक नकाशा’ अशी संज्ञा दिली, तेव्हा हा नकाशा डोक्यात नेमका कोठे असतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, की त्यांतील प्रत्येक पेशी उंदीर एका विशिष्ट जागी आला की सक्रिय होई. त्यांना स्थान-पेशी म्हणतात. २००५ मध्ये नॉर्वेतील ट्रोन्डहाइम येथे माय-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या भागातील जाळी-पेशींचा शोध प्रसिद्ध केला. यांतील एकच पेशी उंदीर मोकळ्या जागेत फिरताना अनेक ठिकाणी सक्रिय होते, आणि ती ठिकाणे जोडली तर समभुज त्रिकोणांची नियमित जाळी तयार होते. डोके कोणत्या दिशेला आहे आणि कड किती जवळ आहे, हे नोंदणाऱ्या पेशीही आहेत. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्यासाठी यातील व्यवहारोपयोगी बाब अशी, की स्थान-पेशींची ही नोंद अंधारातही बऱ्याच अंशी टिकते, कारण उंदीर आपल्याच हालचालींवरून आपण किती आणि कोणत्या दिशेने सरकलो याचा हिशेब ठेवतो, आणि भिंतीचा स्पर्श झाला की त्या हिशेबातील चूक दुरुस्त करतो. गिरणीतला दिवा रात्रभर चालू ठेवावा म्हणजे उंदीर बावचळतील, ही एका सदस्याची सूचना, उंदराचा हा हिशेब उजेड-अंधारावर फारसा अवलंबून नाही या कारणाने, मागे पडली.

येथपर्यंत उंदीर फारच हुशार ठरतो. पुढच्या घटनेने हे चित्र थोडे बदलले. गिरणीच्या मालकांनी स्वतःच्या कल्पनेने सगळी पोती मागच्या कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीलगत फळ्यांच्या उंच मांडणीवर ठेवली. त्या रात्रीचे माग झरोक्यातून उतरून, आदल्या रात्रीच्याच रेषेने, रिकाम्या कोपऱ्यात जाऊन पोचले. पोती हलवल्याचा वास सगळीकडे होता, नवी जागा झरोक्याला अधिक जवळ होती, तरीही जुनी जागा आधी गाठली गेली. कोपऱ्यात ठशांचे जाळे झाले होते आणि तेथून मग एकेक माग भिंतीच्या कडेने, थांबतथांबत, मांडणीकडे गेला होता. १९०८ मध्ये हार्वी कार आणि जॉन वॉटसन यांनी सरावलेल्या उंदरांच्या चक्रव्यूहातील एक गल्ली आखूड केली होती, तेव्हा ते उंदीर धावत जाऊन समोरच्या भिंतीवर आदळले होते. अंगवळणी पडलेली चाल डोळ्यांपुढच्या बदलाला जुमानत नाही.

नकाशा आणि सवय ही दोन्ही एकाच प्राण्यात कशी नांदतात, याचे सर्वांत नेटके उत्तर मार्क पॅकर्ड आणि जेम्स मॅगॉ यांच्या १९९६ मधील प्रयोगात मिळते. अधिक-चिन्हाच्या आकाराच्या चक्रव्यूहात उंदरांना रोज एकाच टोकापासून सोडून एका भुजेतील अन्नाकडे जायला शिकवले. आठव्या दिवशी त्यांना उलट टोकापासून सोडले, तेव्हा बहुतेक उंदीर अन्नाच्या जागेकडे वळले. सोळाव्या दिवशी हीच चाचणी घेतली, तेव्हा ते जागेऐवजी ठरलेल्या वळणाला धरून राहिले आणि अन्नाच्या विरुद्ध भुजेत गेले. पण त्या दिवशी मेंदूतील कॉडेट हे सवयीशी संबंधित केंद्रक तात्पुरते बधिर केले, तर तेच उंदीर पुन्हा जागेकडे वळले. सवयीने नकाशा पुसला नव्हता, फक्त झाकला होता. गिरणीतील उंदराबद्दल माझे मत यावरून बनले. वाट उघडी आहे तोवर तो सवयीने चालतो आणि अशा वेळी तो फसू शकतो. वाट बंद झाली की तो नकाशा काढतो, आणि तेव्हा त्याला फसवणे कठीण असते. समितीने आजवर नेमका उलटा क्रम पाळला होता. आधी भोक बुजवायचे, मग पिंजरा लावायचा.

पिंजऱ्याचा आणि विषाचा पूर्वेतिहासही याच चौकटीत बसतो. भोक बुजवण्याच्या आधी काही महिने चाळीत झिंक फॉस्फाइड घातलेल्या कणकेच्या गोळ्या ठेवल्या गेल्या होत्या. सुरुवातीला काही उंदीर मेले, त्यांतले दोन-तीन तक्तपोशीमागे कुजले आणि दुर्गंधीने रहिवासी हैराण झाले. त्यानंतर गोळ्यांना कोणी तोंड लावले नाही. उंदराला उलटी होत नाही, म्हणून तो अनोळखी पदार्थ आधी चिमूटभर खातो, आणि त्यानंतर त्रास झाला तर ती चव दीर्घकाळ टाळतो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींचे म्हणणे असे होते, की घरात विषाचे नाव मोठ्याने घेतले म्हणून उंदरांनी ऐकले. उंदीर शिकतो एवढे त्यांनी बरोबर हेरले होते. कशावरून शिकतो ते मात्र वेगळे. पिंजऱ्याचीही तीच गत झाली होती. सुक्या बोंबलाचा तुकडा लावलेला पिंजरा फरशीच्या मध्यभागी ठेवला, तेव्हा पिठावरचे माग त्याला लांबून वळसा घालून गेले. ओळखीच्या जागेत अचानक आलेली नवी वस्तू टाळणे ही जंगली उंदरांची सिद्ध खोड आहे, आणि जागा जितकी चांगली ठाऊक, तितकी नवी वस्तू अधिक ठळक जाणवते.

नवी योजना या सगळ्यावरून ठरली. पिंजरे भिंतीलगत, नेहमीच्या मागांच्या रेषेवर ठेवले आणि त्यांची दारे तारेने बांधून उघडी ठेवली. आत रोज भजी आणि खोबरे ठेवले जाई. सुरुवातीला माग दुरून गेले, मग दाराशी थांबले, आणि शेवटी आत जाऊन बाहेर आले. पिंजरा त्यांच्या वाटेचाच भाग झाला आहे असे पिठावरून दिसल्यावर एका संध्याकाळी सगळ्या पिंजऱ्यांच्या तारा एकदम सोडल्या. त्या रात्री आणि पुढच्या काही रात्रींत जेवढे उंदीर अडकले, तेवढे आधीच्या संपूर्ण उन्हाळ्यात अडकले नव्हते. लंगडा उंदीर त्यांत होता. पकडलेल्या उंदरांची विल्हेवाट महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारून लावली.

त्यानंतरच वाटा बंद केल्या, आणि त्याही सगळ्या एकाच दिवशी. याविषयी समितीत बरीच चर्चा झाली, कारण गवंडी, पत्रेवाला आणि प्लंबर एकाच दिवशी मिळवणे म्हणजे खर्च आणि कटकट. पण एकेक भोक सवडीने बुजवणे म्हणजे उंदराला दर आठवड्याला एक वळसा पक्का करण्याची संधी देणे, हे आता सर्वांना पटले होते. मोठ्या उंदराला बारा-तेरा मिलिमीटरहून अधिक फट पुरते, म्हणून झरोक्याला आणि मोरीला त्याहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावली. प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. पावसाळी नळाला आणि तारांच्या जुडग्याला पत्र्याच्या गोल चकत्या बसवल्या, जेणेकरून चढणाऱ्याला पुढे पकड मिळू नये. जिन्याखालची तक्तपोशी उघडून आतली घरटी काढली. आत कोंडले गेलेले थोडे उंदीर पुढचे काही दिवस तिसऱ्या मजल्यावर दिसले. त्यांच्यासाठी पिंजरे आतच ठेवले होते. हे काम मेअखेरीस उरकले, कारण पाऊस सुरू झाला की गटारे भरतात, घुशी आणि उंदीर वर सरकतात, आणि त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका वाढतो.

जुलैमध्ये एका बिऱ्हाडाने इंटरनेटची तार घेतली, आणि तार ओढणाऱ्याने जोत्याच्या वर अंगठ्याहून मोठे भोक पाडून ते तसेच सोडले. काही दिवसांनी गिरणीच्या फरशीवर एका उंदराचा माग उमटला. तो चारही भिंतींच्या कडेने गेला होता, प्रत्येक कोपऱ्यात थांबला होता, दोनदा भोकाकडे परतून पुन्हा निघाला होता, आणि मांडणीखालून दोनदा जाऊनही पोत्यांपर्यंत चढला नव्हता. हा जागा शिकणारा उंदीर होता. भोक त्याच दिवशी बुजवले आणि तो माग पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून भिंतीला छिद्र पाडणाऱ्या प्रत्येक कामाची सूचना सचिवांना देणे बंधनकारक आहे.

प्रश्न राहिला तो घरगल्लीच्या पलीकडच्या चाळीचा. आमच्या बाजूच्या वाटा बंद झाल्यावर त्यांच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत उंदीर वाढले अशी त्यांची तक्रार आहे, आणि रांगोळीवरचे माग पाहता ती रास्त आहे. दोन्ही समित्यांची बैठक झाली असून, पुढच्या पावसाळ्यापूर्वी घरगल्लीतील जुनी टाकी हटवून दोन्ही भिंतींचे काम एकाच दिवशी करावे असे ठरले आहे. खर्चाची विभागणी खोल्यांच्या संख्येवर करावी की भिंतीच्या लांबीवर, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.